वॅट लागली

चाळिशी नाकावर बसली की माणूस दोनपैकी एका नादाला लागतो. एक तर पहाटे उठून फिरायला जातो, नाहीतर माळ्यावर चढून जुने काहीतरी खाली काढतो. पहाटे उठणे मला कधीच जमले नाही, म्हणून मी माळ्यावर चढलो.

गणपतीच्या मखरामागे, जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळलेली माझी इलेक्ट्रिक गिटार निघाली. चादर हिने ताबडतोब ताब्यात घेतली. गिटार माझ्याकडे राहिली.

साध्या गिटारला पोट असते. तार छेडली की आवाज त्या पोकळ पोटात घुमून बाहेर येतो. इलेक्ट्रिक गिटार म्हणजे भरीव फळी. तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तारेचे वेटोळे. पोलादी तार थरथरली की त्या वेटोळ्यात विजेची अगदी क्षीण लहर उठते. ती मोठी करायला ॲम्प्लिफायर लागतो. तो नसेल तर डासाने रियाज करावा तसा आवाज येतो. माझा तसा पंधरा दिवस येत होता. घरात कुणाची तक्रार नव्हती. मुलगी तर म्हणाली, "बाबा, असंच वाजवत जा. छान वाटतं."

पण या गिटारला इतिहास आहे. 1999 साली आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी ती वाजवली होती. लग्नाच्या बँडवाल्याकडून गोदरेजच्या कपाटाएवढा ॲम्प्लिफायर भाड्याने आणला होता आणि त्याची असतील नसतील ती सगळी बटणे शेवटपर्यंत फिरवली होती. हॉल असा दणाणला की मागच्या रांगेतली शिट्ट्या मारणारी मंडळीसुद्धा गप्प झाली. साथ मी करत होतो आणि भावगीत गात होती ती आमची ही. म्हणजे तेव्हा 'ही' नव्हती, 'ती' होती. गेली पंचवीस वर्षे घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी ही हकीकत सांगत आलो आहे, आणि ती रंगात आली की ही "चहा टाकते हं" म्हणून आत जाते. मी त्याला लाजणे समजत होतो.

लग्नानंतर हिचे गाणे सुटले. भांडी घासतानासुद्धा गुणगुणत नाही. संसारात असे व्हायचेच, असे मी धरून चाललो होतो. आता मुलीने सांगितले की हल्ली घरबसल्या रेकॉर्डिंग करता येते. तेव्हा मनात आले, हिची ती जुनी भावगीते गिटारवर वाजवून ठेवावीत. त्यासाठी हवा स्वच्छ आवाज. गिटारवाल्यांच्या भाषेत 'क्लीन टोन'.

हा क्लीन टोन काय प्रकार आहे ते सांगतो. गिटारचा आवाज मुद्दाम फाडून, खरबरीत करून वाजवतात त्याला डिस्टॉर्शन म्हणतात. ते म्हणजे मिसळीची तर्री. तर्री झणझणीत असली की खालची मटकी कालची आहे का परवाची, कोण विचारतो? क्लीन टोन म्हणजे वरणभात. मीठ कमी पडले की पहिल्याच घासाला कळते. एक बोट चुकले तर लपायला जागा नाही. हे मला तेव्हा फक्त माहीत होते. समजले नंतर.

ॲम्प्लिफायर घ्यायचे ठरल्याबरोबर बँकेतून सल्ले सुरू झाले. आमचे हेड कॅशियर म्हणाले, "घेतोयस तर पन्नास वॅटचा घे. पाच वॅटचा म्हणजे चतकोर भाकरी."

मी कॉमर्सचा पदवीधर. वॅट हे प्रकरण मी बल्बाच्या खोक्यावर वाचले होते तेवढेच. पण पैशाचा प्रश्न आला की मी अभ्यास करतो, आणि अभ्यासात असे निघाले की आवाजाचा हिशेब आमच्या लेजरसारखा चालतच नाही. वॅट दुप्पट केले तर आवाज वाढतो तीन डेसिबल. म्हणजे जेमतेम जाणवण्याइतका. कानाला आवाज दुप्पट वाटायला वॅट जवळजवळ दहापट करावे लागतात. म्हणजे पाच वॅटच्या जागी पन्नास वॅटचा आणला तरी, स्पीकर तोच धरला तर, गोंगाट फक्त दुप्पट. दहापट भांडवल घालून दुप्पट धंदा! असल्या प्रकल्पाला आमची बँक कर्ज देणार नाही. मी हा हिशेब हेड कॅशियरना मांडून दाखवला. ते म्हणाले, "असेल. पण विकताना पन्नासचीच किंमत येते."

मग तीस-पन्नास वॅट हवेत तरी कशाला? तर स्वच्छतेसाठी. हा मोठा मजेशीर उलटा न्याय आहे. आजोबांच्या रेडिओत व्हॉल्व्ह असायचे. बटण दाबल्यावर ते तापून लालसर होईपर्यंत बातम्या अर्ध्या संपायच्या. गिटारचे जुने ॲम्प्लिफायर त्याच जातीचे, आणि आजही तसे बनवतात. असला लहान ॲम्प्लिफायर फार वाढवला की त्याचा घसा बसतो आणि आवाज फाटतो. अमेरिकेतल्या फेंडर कंपनीचा 'चॅम्प' हा पाचेक वॅटचा, मुळात शिकाऊ मंडळींसाठी काढलेला. पुढे नामांकित वादक त्याचा तो बसका घसाच ऐकायला त्याला स्टुडिओत घेऊन गेले. ज्याला मोठ्यांदा वाजवूनही आवाज स्वच्छ हवा, त्याला मात्र हाताशी राखीव ताकद लागते. म्हणजे बचत खात्यात शिल्लक जास्त हवी ती काढण्यासाठी नव्हे, चेक परत जाऊ नये म्हणून.

या स्वच्छ पंथाचा महापुरुष म्हणजे जपानच्या रोलँड कंपनीने 1975 साली काढलेला जेसी-120, ऊर्फ जॅझ कोरस. व्हॉल्व्ह नाहीत, सगळे ट्रान्झिस्टर. साठ-साठ वॅटचे दोन ॲम्प्लिफायर, बारा-बारा इंची दोन स्पीकर आणि वजन सुमारे 28 किलो. आवाज धुतल्या तांदळासारखा. पण हा महापुरुष आमच्या दोन खोल्यांत आला असता तर एकाला जिन्यात झोपावे लागले असते, आणि ते कुणाला हे मला माहीत होते. त्याचे तीस वॅटचे, साडेसहा इंची स्पीकरांचे धाकटे भावंड जेसी-22 या नावाने मिळते. त्यावर मी बरेच दिवस जीव टाकून होतो.

पण घरी मोठ्यांदा वाजवणार कोण? आमच्या खाली सोसायटीचे सेक्रेटरी राहतात. खलबत्त्यात लसूण ठेचला तरी नोटीस येते. हळू वाजवायचे तर वेगळीच अडचण. फ्लेचर आणि मन्सन या दोन अमेरिकन संशोधकांनी 1933 सालीच दाखवून दिले आहे की आवाज हळू झाला की कानाला खर्ज जास्तच कमी ऐकू येतो. म्हणून मोठ्यांदा भरदार वाटणारा ॲम्प्लिफायर हळू केला की उपाशी वाटतो. ही गोम ओळखून यामाहाने 2011 साली टीएचआर नावाची जात काढली. टेबलावर, पोळ्यांच्या डब्याशेजारी मावेल अशी. इवलेसे दोन स्पीकर, पण हळू आवाजातच भरल्यासारखे वाटतील असे बसवलेले. शिवाय हेडफोन लावायची सोय, आणि एक वायर थेट कॉम्प्युटरला जोडली की रेकॉर्डिंग सुरू.

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, बँक बंद असताना, मी लोकल पकडून मुंबईला गेलो आणि धोबी तलावाच्या बाजूला एका वाद्यांच्या दुकानात शिरलो. आत विशीतली दोन पोरे तर्री वाजवत होती. काचा थरथरत होत्या. दुकानदाराने मला विचारले, "काका, मुलासाठी बघताय?"

"माझ्यासाठीच," मी म्हणालो.

"मग वाजवून बघा ना."

माझ्या गळ्यात गिटार आली. पोरांनी सौजन्याने स्वतःचे वाजवणे थांबवले. त्यामुळे दुकानात जी शांतता पसरली तिच्यात मला माझ्याच हृदयाचे ठोके ऐकू येऊ लागले. मी एक साधा सी-मेजर वाजवला. सहापैकी चार तारा बोलल्या, एक मुकी राहिली आणि एक भलतेच बोलली. त्या छोट्या डब्याने या सहाही गोष्टी इमानदारीने जाहीर केल्या. पोरांनी एकमेकांकडे पाहिले नाही, हे त्यांच्या आईवडिलांचे संस्कार.

"आवाज स्वच्छ आहे," मी दुकानदाराला म्हणालो.

"एकदम," तो म्हणाला. आमचे दोघांचे डोळे जमिनीकडे होते.

त्याच जातीतला वीस वॅटचा मी घेतला. परतीच्या डोंबिवली लोकलमध्ये तो वरच्या फळीवर दोन जेवणाच्या डब्यांच्या मध्ये सुखाने बसला. जेसी-120 घेतला असता तर आम्ही दोघे लगेजच्या डब्यातून पाट्यांबरोबर आलो असतो.

घरी लावला आणि डब्यातून 'गुंऽऽऽ' असा आवाज सुरू झाला. तारांना हात लावला की गप्प, सोडला की पुन्हा गुंऽऽऽ. थोपटणे थांबवले की रडणाऱ्या बाळासारखे. वायरमनला बोलावले. त्याने टेस्टर लावून पाहिले आणि म्हणाला, "साहेब, तिसऱ्या भोकात वायरच नाय. अर्थिंग नाय तुमच्या बोर्डाला."

"पण तीन पिनचा सॉकेट आहे ना?"

"भोक हाय. वायर नाय."

म्हणजे इतकी वर्षे आमचा फ्रिज निव्वळ देवाच्या भरवशावर चालला होता. अर्थिंग झाले, गुणगुण निम्म्यावर आली. उरलेली पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरची निघाली. इलेक्ट्रिक गिटारचे ते वेटोळे मोठे कानसुळे. आसपासच्या विजेचे सगळे उखाळेपाखाळे ते गोळा करते. तेव्हा रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद ठेवायचा असे ठरले. महिना मे होता.

एका रात्री, अकरा वाजून गेल्यावर, मी बनियनवर, घामाने निथळत, हेडफोन लावून बसलो. पूर्वीच्या रीतीने स्पीकरसमोर मायक्रोफोन ठेवला असता तर त्यात शेजाऱ्यांची मालिका, लिफ्ट आणि कुत्रीही आली असती. इथे सगळे वायरीतून. बाहेरचा एक शब्द आत येत नव्हता. आत होतो तो फक्त मी. गॅदरिंगमधले तेच भावगीत वाजवले. मनासारखे जमले. मग ऐकायला लावले.

पहिल्यांदा वाटले, यंत्रात बिघाड आहे. मुलीने कॉम्प्युटरवर ठोक्यांची टिकटिक लावून दिली होती. मुखड्यात मी आणि टिकटिक बरोबर चाललो होतो. अंतरा आला आणि मी जो सुटलो तो टिकटिकला मागे टाकून, सव्वानऊची फास्ट पकडायची असल्यासारखा. तीनदा रेकॉर्ड केले. तीनदा तिथेच सुटलो.

ही पाणी प्यायला उठली होती. माझा चेहरा पाहून तिने न बोलता हेडफोन काढून आपल्या कानाला लावला. शेवटपर्यंत ऐकले.

"अंतऱ्यात घाई करतोस," ती म्हणाली.

"आजच होतंय. उकाड्यानं."

"पहिल्यापासून करतोस. गॅदरिंगलाही केली होतीस. मी श्वास घ्यायला थांबले, तोवर तू पुढे निघून गेलेलास."

मी म्हणालो, "पण हॉल दणाणला होता."

"तुझा दणाणला. माझं गाणं पहिल्या रांगेलासुद्धा ऐकू आलं नाही. आई आली होती माझी, आठवतंय? घरी गेल्यावर म्हणाली, गं, तुझे ओठ इतके छान हलत होते."

पंखा बंद होता. घड्याळ ऐकू येत होते.

"मग इतक्या वर्षांत बोलली का नाहीस?"

"तू किती खूश होतास," ती म्हणाली. "आणि पाहुण्यांसमोर काय बोलू?"

पंचवीस वर्षांत तिने किती कप चहा टाकला असेल याचा मी मनातल्या मनात हिशेब करू लागलो आणि सोडून दिला. वीस वॅट, पन्नास वॅट, राखीव ताकद, हा सगळा अभ्यास मी केला होता. शेजारची माणसे ऐकू येतात का, हे तपासायचे मात्र राहून गेले होते.

मी हेडफोनची वायर काढली. डब्यातून आवाज खोलीत आला.

"हळू कर," ती म्हणाली.

मी बटण मागे फिरवले.

"अजून."

अजून फिरवले. आता तारेला नख लागले तरी ऐकू येत होते, आणि तिचा श्वासही. ती पलंगाच्या कडेवर बसली, पाण्याच्या भांड्यावर बोटाने ठेका धरला आणि मुखडा धरला. आवाज थोडा बसलेला होता. मधली एक ओळ आठवेना, ती नुसती गुणगुणली. अंतरा आला. माझी बोटे सुटायला निघाली तशी तिने भांड्यावरचे बोट उचलून तसेच हवेत धरले. मी थांबलो. तिने पूर्ण श्वास घेतला. मग बोट खाली आले.

त्या रात्रीचे रेकॉर्डिंग झाले नाही. बटण दाबायचे मला सुचलेच नाही. सेक्रेटरींचीही नोटीस आली नाही. वीस वॅटपैकी आम्ही एकही पुरता वापरला नसेल.

हेड कॅशियर अजून विचारतात, "काय, पुरतोय का वीस वॅटचा?" पुरून उरतो, असे मी सांगतो. घरी पाहुणे येतात तेव्हा गॅदरिंगची गोष्ट अजूनही होते. फरक इतकाच की आता ती ही सांगते, आणि रंगात आली की चहा टाकायला मी आत जातो.