पहारा कोणाचा?

अहेरीच्या परिसरात प्रायश्चित्तकाळ आणि मोहाचा बहर बहुधा हातात हात घालून येतात. मार्च सरत आला की पळसाचा भर ओसरतो आणि मोहाची फुले रात्रभर टपटपत राहतात. उजाडण्यापूर्वीच बायामुले टोपल्या घेऊन झाडाखाली जमतात. ही फुले वाळवून, भाजून, शिजवून खाल्ली जातात. टंचाईच्या दिवसांत या फुलांनी अनेक पिढ्यांची भूक भागविली आहे. गोंड आणि माडिया बांधवांच्या देवकार्यातही त्यांना मानाचे स्थान आहे. तेच फूल सडवून गाळले की त्याची दारू होते. झाडाचे नाव मोह आणि मनाच्या दुर्बलतेचे नावही मोहच. मात्र या नामसाम्यावरून झाडाला दोष देणे योग्य ठरणार नाही. परमेश्वराने निर्मिलेले सर्व चांगले आहे, असे उत्पत्तीचे पुस्तक सांगते. काना गावच्या लग्नघरी प्रभू येशूने पाण्याचा द्राक्षारस केला, हेही आपण विसरू शकत नाही. प्रश्न वस्तूचा नसून ती घेणाऱ्या हाताचा आहे, आणि त्या हातावर पहारा कोणी ठेवायचा, याचा आहे.

या प्रश्नाला आमच्या जिल्ह्यात एक इतिहास आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. १९८६ साली डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी येथे 'सर्च' या संस्थेची स्थापना केली. त्यानंतरच्या वर्षांत दारूमुक्तीची मोठी लोकचळवळ जिल्ह्यात उभी राहिली आणि १९९३ साली शासनाने संपूर्ण जिल्ह्यात दारूबंदी लागू केली. या चळवळीचे बळ गावोगावच्या स्त्रियांमध्ये होते. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातही तेच घडले. २०१० साली स्त्रिया चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत पायी चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ रोजी तेथे दारूबंदी झाली आणि २०२१ साली ती उठविण्यात आली. गडचिरोलीची बंदी मात्र टिकून आहे. २०१६ पासून 'मुक्तिपथ' उपक्रमांतर्गत गावसंघटना दारू आणि तंबाखू या दोहोंविरुद्ध काम करीत आहेत. आजही एखाद्या गावात सडव्याची मडकी फोडायची वेळ आली, तर पदर खोचून पुढे होतात त्या बायाच.

कायदा निरुपयोगी आहे, असे मी कधीही म्हणणार नाही. ज्या घरात मजुरीचे पैसे गुत्त्यावर न जाता पिठाच्या डब्यापर्यंत पोहोचतात, त्या घराला कायद्याची किंमत विचारावी. परंतु कायद्याला सीमा असते. वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून जन्मलेली प्राणहिता अहेरीजवळून वाहते. नदीच्या अलीकडे महाराष्ट्र आणि दारूबंदी, पलीकडे तेलंगण आणि दारूची दुकाने. उन्हाळ्यात पाणी ओसरले की ही सीमा किती उथळ असते, हे काठावरचा कोणीही सांगेल. कायदा नदीपर्यंत पोहोचतो. त्यापुढे माणूस आणि त्याचे मन एवढेच उरते.

मला अधिक अस्वस्थ करते ती दुसरी गोष्ट. तीन दशकांहून अधिक काळ या जिल्ह्यात पुरुषांच्या तहानेवर स्त्रिया पहारा देत आहेत. दिवसभर राबलेल्या बाईने रात्री कंदील, काठी घेऊन गावाबाहेरच्या भट्टीवर जायचे, नवऱ्याच्या खिशाचा वास घ्यायचा, दिराशी वैर पत्करायचे, आणि आम्ही पुरुषांनी तिचा पहारा चुकविण्यात चातुर्य मानायचे. हा कसला पुरुषार्थ? आपण कुटुंबाचे मस्तक आहोत, असे आपण लग्नाच्या मिस्सात ऐकतो आणि सुखावतो. त्याच वाचनात, ख्रिस्ताने ख्रिस्तसभेसाठी स्वतःला वाहून दिले तसे पतीने पत्नीसाठी स्वतःस वाहून द्यावे, असेही संत पौल इफिसकरांस सांगतो. ते ऐकताना आपले लक्ष कोठे असते? जो पुरुष केवळ बायकोच्या धाकाने किंवा पोलिसांच्या भीतीने दूर राहतो, तो अजून संयमी झालेला नाही. तो नजरकैदेत आहे, आणि ती नजर त्याच्या पत्नीची आहे.

वसईकडील वाचकांना येथील ख्रिस्तसभेचे थोडे वेगळेपण सांगायला हवे. केरळमधील सीरो-मलबार ख्रिस्तसभेकडे १९६२ साली हा प्रदेश मिशनकार्यासाठी सोपविण्यात आला आणि १९७७ साली चांदा धर्मप्रांत झाला. त्या उपासनाविधीनुसार आमच्याकडे महाउपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होत नाही. तो त्याआधीच्या सोमवारीच सुरू होतो. त्याच्या आदल्या रविवारला 'पेथुर्ता' म्हणतात. मागे वळून पाहणे, असा त्याचा अर्थ सांगितला जातो. दिवस दोन इकडे, दोन तिकडे. परंतु पुरुषांचे गणित मात्र वसईत आणि अहेरीत मला एकसारखेच दिसले. उपवासकाळात दारू बंद, मटण बंद. मग बोटांवर दिवस मोजणे. आणि पुनरुत्थानाच्या सकाळी मिस्सा आटोपली, की राहून गेलेल्या सगळ्या दिवसांची सव्याज वसुली! प्रभू थडग्यातून बाहेर येतो आणि आपण पुन्हा आपल्या जुन्या थडग्यात शिरतो.

कित्येकदा तर उपवासकाळातही केवळ वस्तू बदलते. आमच्या भागात खर्रा फार चालतो. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटायचे आणि दिवसभर गालात धरायचे. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी खऱ्र्याची पुडी हाताशी असते. 'फादर, मी दारूला शिवत नाही,' असे अभिमानाने सांगणाऱ्याच्या गालात खर्रा असतो आणि म्हणून त्याला तोंड नीट उघडता येत नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिकवणीच्या ग्रंथात संयमाचा विचार करताना अन्न, मद्य, तंबाखू आणि औषधे या सर्वांचा अतिरेक एकाच ओळीत आणला आहे. ख्रिस्तसभेने यात लहान व्यसन, मोठे व्यसन अशी सोयीची प्रतवारी केलेली नाही. मत्तयच्या शुभवर्तमानात बाराव्या अध्यायात प्रभूने सांगितलेला दाखला येथे आठवतो. भूत निघून गेले, घर झाडून स्वच्छ झाले, पण रिकामेच राहिले. तेव्हा ते भूत आपल्याहून दुष्ट अशी आणखी सात भुते घेऊन परतले. केवळ सोडणे म्हणजे घर झाडणे होय. त्या घरात कोणाला वस्तीस आणायचे, हे ठरविल्याशिवाय संयम पुरा होत नाही.

संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात धावपटूची उपमा दिली आहे. करिंथजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत आणि विजेत्यास पानांचा मुकुट मिळे. सुकून जाणाऱ्या त्या मुकुटासाठी खेळाडू सर्व बाबतींत स्वतःस आवरतो, मग न सुकणाऱ्या मुकुटासाठी आपण काय करावे, असा पौलाचा प्रश्न आहे. हा अध्याय समजून घ्यायला मला करिंथला जावे लागले नाही. पहाटे पाच वाजता अहेरी-आलापल्ली रस्त्यावर उभे राहावे. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले अंधारात धावत असतात. सोळाशे मीटर ठरलेल्या वेळेत पुरी करायची असतात. त्यांतील एका मुलाला मी विचारले, 'खर्रा सोडलास का रे?' तो म्हणाला, 'सोडावाच लागते जी. दम पुरत नाही.' त्याला कोणी प्रवचन दिले नव्हते. काय मिळवायचे आहे हे त्याला ठाऊक होते, म्हणून काय टाकायचे तेही आपोआप कळले. आपण संयमाला शिक्षा समजतो, तो त्याला सराव समजत होता. मात्र भरती झाल्यावर त्याचा सराव टिकेल काय, हे सांगता येत नाही. ध्येय गाठले की सराव संपतो. पौलाने सांगितलेली शर्यत शेवटच्या श्वासापर्यंत चालते, हाच काय तो फरक.

सराव कसा सुरू करावा, हे डब्लिन शहरातील एका हमालाने दाखवून दिले आहे. मॅट टॅल्बट याचा जन्म १८५६ सालचा. बाराव्या वर्षी तो कामाला लागला आणि तेव्हापासूनच पिऊ लागला. १८८४ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, एके दिवशी खिशात पैसा नसताना तो गुत्त्याबाहेर उभा राहिला. ज्यांना त्याने अनेकदा पाजले होते, ते मित्र समोरून गेले. कोणीही त्याला आत बोलाविले नाही. तो घरी गेला आणि त्याच दिवशी त्याने न पिण्याची शपथ घेतली. ही शपथ जन्मभराची नव्हती, फक्त तीन महिन्यांची होती. ते पार पडले तेव्हा त्याने मुदत वाढविली आणि पुढे ती आयुष्यभराची झाली. गुत्त्यात जाणारी संध्याकाळ त्याने देवळाला दिली. जुनी देणी त्याने फेडली. ज्या वादकाचे फिडल चोरून दारूत घातले होते, त्याचा त्याने शोध घेतला, आणि तो सापडला नाही तेव्हा त्याच्यासाठी मिस्सा अर्पण करविल्या. ७ जून १९२५ रोजी मिस्साला जाताना रस्त्यातच त्याला मरण आले. १९७५ साली ख्रिस्तसभेने त्याला 'आदरणीय' म्हणून घोषित केले. लहान मुदत, भरलेली संध्याकाळ आणि फेडलेले देणे, एवढी त्याची साधनसामग्री होती.

आमच्या धर्मग्रामातील आम्ही काही पुरुष शनिवारी सायंकाळी जमतो. या बैठकीला नाव नाही, अध्यक्ष नाही, भाषणही नाही. प्रत्येकाने सरत्या आठवड्यातील आपल्या एकाच गोष्टीविषयी एक वाक्य बोलायचे, एवढाच नियम. कोणी खऱ्र्याविषयी सांगतो, कोणी रागाविषयी, कोणी रात्री उशिरापर्यंत मोबाईल पाहण्याविषयी. आमच्यातील एकाने खर्रा सोडण्याचे कारण सांगितले, ते माझ्या मनातून जात नाही. त्याची चार वर्षांची मुलगी अंगणात बसून पन्नीत माती आणि खडे घालून तळहातावर घोटत होती. आईने विचारले तेव्हा म्हणाली, 'मी बाबा झाली.' त्यानंतर तो दोनदा घसरला. दोन्ही वेळा पुढच्या शनिवारी आला आणि ते एका वाक्यात सांगितले. आज त्याला सात महिने झाले आहेत. पुडीचे पैसे तो रोज संध्याकाळी मुलीच्या हातात देतो आणि ती ते डब्यात टाकते.

यातून मला जे उमगले, ते साधेच आहे. निश्चय लहान असावा आणि त्याला तारीख असावी. कामावरून परतल्यापासून जेवणापर्यंतचा एक तास सर्वांत घातक असतो. त्या तासाला आधीच काम नेमून द्यावे, मग ते मुलांचा अभ्यास घेणे असो, विहिरीचे पाणी आणणे असो वा कुटुंबाची जपमाळ असो. रात्री निजण्यापूर्वी दिवसाकडे मागे वळून पाहावे. आमचा पेथुर्ता वर्षातून एकदाच येण्याचे कारण नाही. प्रायश्चित्त संस्काराला सणापुरते जाऊ नये. आणि एकट्याने लढू नये, कारण एकटेपणात माणूस स्वतःची फार लवकर समजूत घालतो. मात्र जो बांधव रोज आणि पुष्कळ पितो, त्याने केवळ निश्चयाच्या भरवशावर एकाएकी दारू तोडू नये. शरीर सवयीचे गुलाम झालेले असते आणि अचानक तुटण्याने जिवावर बेतू शकते. अशा वेळी डॉक्टरांकडे जाणे हाही आत्मसंयमच होय. व्यसन हा आजारही आहे, आणि आजाऱ्याला वैद्याची गरज असते, हे प्रभूनेच सांगितले आहे.

गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने पवित्र आत्म्याची फळे सांगितली आहेत. प्रीतीने आरंभ होणाऱ्या त्या यादीत आत्मसंयमन सर्वांत शेवटी येते. मला वाटते, ते कुंपणासारखे शेवटी आहे. प्रीती, आनंद आणि शांती यांचे पीक आत उभे असते आणि कुंपण नसेल तर गुरे ते एका रात्रीत फस्त करतात. फळ म्हटले की एक गोष्ट ओघानेच आली. शेतकरी खत घालतो, पाणी देतो, राखण करतो. फळ धरणे त्याच्या हाती नसते. आपल्या निश्चयाचा गर्व होऊ लागला, तर हे स्मरावे.

चंद्रपूरमध्ये २०२१ साली बंदी उठली आणि बंद दुकानांची दारे पुन्हा उघडली. त्या दिवशी कित्येक घरांतील बायांच्या काळजात धस्स झाले असेल. काही घरांत मात्र काहीच बदलले नसेल, कारण तेथील पुरुषाने ते दार आपल्या बाजूने केव्हाच लावून घेतले होते. कायदे येतात आणि जातात. गडचिरोलीचा कायदा राहो, अशी माझी प्रार्थना आहे. परंतु तो राहो वा न राहो, रात्री काठी घेऊन भट्टीकडे निघालेल्या आपल्या बहिणीला 'बाई, तू आता घरी जा, नीज. आजपासून माझा पहारा मी करीन,' असे म्हणण्याचे सामर्थ्य प्रभूने आम्हा पुरुषांना द्यावे.