एका ‘च’ची गोष्ट

वर्गात ‘शुड’, ‘मस्ट’, ‘विल’ ही साहाय्यक क्रियापदे शिकविताना मी नेहमी बसचे उदाहरण घेत असे. तीनची बस ‘विल कम’ म्हणजे ती येणार, बोलणाऱ्याला शंका नाही. ‘शुड कम’ म्हणजे वेळापत्रक पाहता यायला हवी. पण रस्त्यात काय होईल याची हमी नाही. ‘मस्ट हॅव कम’ म्हणजे स्टँडवर गर्दी उसळली आहे, त्या अर्थी आलेली असणार. माझे एक कन्नड सहकारी म्हणत, “आमचा ‘बेकु’ तुमच्या ‘मस्ट’सारखा. ‘बरबेकु’ म्हणजे यायला हवे, ‘बंदिरबेकु’ म्हणजे आलेले असणार.” विद्यार्थी हे सारे वहीत उतरवून घेत. मी स्वतः मात्र हा धडा वर्गात शिकलो नव्हतो.

माझी आत्या माळव्यात दिलेली. धारला पवारांचे संस्थान होते, त्यामुळे त्या भागात मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आतोबा धार जिल्ह्यातील राजगडला शिक्षक होते. १९८३ च्या मे महिन्यात मी सुट्टीत तिकडे गेलो आणि आतोबा एकाएकी आजारी पडले. त्यांना इंदूरला हलविले. आत्या घरी म्हाताऱ्या सासूपाशी राहिली. मी बी.ए.ला इंग्रजी घेतलेला, म्हणून डॉक्टरांशी बोलायला मलाच पुढे केले. ते म्हणाले, “ही शुड बी ऑल राइट.”

दुसऱ्या दिवशी निरोप घेऊन मी राजगडला परतलो. आत्या शेजारच्या काकूंबरोबर जवळच्या मोहनखेड्याला दर्शनाला गेली होती. मी तिथेच तिला गाठले. ती मंदिराच्या पायरीवर बसली होती.

“काय म्हणाले रे डॉक्टर?”

“बरे होतीलच म्हणाले.”

ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. “‘होतील’ म्हणाले, की ‘व्हायला हवेत’ म्हणाले?”

“होतीलच, आत्या.”

संध्याकाळच्या बसने इंदूरला जायचे तिने ठरविले होते. माझ्या शब्दावर ती थांबली. चौथ्या दिवशी आतोबा गेले. दोघांची भेट झाली नाही.

तेरावे झाल्यावर आत्या एकदाच म्हणाली, “डॉक्टर तर ‘होतीलच’ म्हणाले होते ना रे?” मी मान हलविली. न बोललेल्या शब्दाचा दोष त्या डॉक्टरांवर राहिला. तो ‘च’ माझा होता.

पुढे कोश चाळताना कळले की ‘शुड’ आणि ‘ऑट’ या दोन्ही शब्दांचे मूळ ‘देणे लागणे’ या अर्थात आहे. जग जणू आपले देणे लागते, ते त्याने फेडायला हवे, एवढेच हे शब्द सांगतात. फेडेलच असे नाही. शिवाय नको असलेल्या गोष्टीसाठी असा ‘शुड’ सहसा कोणी वापरत नाही. म्हणजे त्या डॉक्टरांच्या वाक्यात अंदाज होता, इच्छा होती आणि शंकाही होती. आपले ‘पाहिजे’ तर ‘पाहणे’मधून आले. ‘अपेक्षा’तही पाहणेच आहे. आपण वाट पाहतो; वाटेवरून कोण येईल हे आपल्या हाती नसते. इंग्रजीचे अक्षर न येणाऱ्या आत्याने ‘व्हायला हवेत’ हे अचूक भाषांतर केले होते. इंग्रजी घेतलेल्या मला ते साधले नाही. किंवा खरे सांगायचे तर, तिचा चेहरा पाहून तसे म्हणण्याचे धैर्य झाले नाही.

मोहनखेड्याला राजेंद्रसूरींची समाधी आहे. ते १९०६ मध्ये निवर्तले. प्राकृत शब्दांचे अर्थ उलगडणारा ‘अभिधान राजेंद्र कोश’ त्यांचा. त्याचे सात खंड आहेत. शब्दांसाठी आयुष्य वेचलेल्या त्या माणसाच्या समाधीजवळ मी एका शब्दाचा अर्थ बदलला, हे मला फार उशिरा उमगले.

नंतर वर्षानुवर्षे उत्तरपत्रिका तपासल्या. कोणी ‘शुड’चे भाषांतर ‘होईलच’ असे केले की मी तो ‘च’ तांबड्या शाईने खोडत असे. मुले म्हणत, सर व्याकरणाच्या बाबतीत फार काटेकोर आहेत.