जेजूच्या पाणबुड्या आजीबाई

दक्षिण कोरियाच्या खालच्या अंगाला जेजू नावाचं बेट आहे. मधोमध हल्लासान हा ज्वालामुखीचा डोंगर, भोवती काळ्या दगडांचे गडगे घातलेली शेतं नि संत्र्यांच्या बागा. जमिनीत पाणी ठरत नाही, म्हणून भात नावालाच. मग इथल्या बायकांनी समुद्रच कसायला घेतला. त्यांना म्हणतात हेन्यो, म्हणजे समुद्राच्या बायका.

रानातलं काम सांभाळून, ओहोटी बघून त्या पाण्यात उतरतात. पाठीवर हवेची टाकी नाही. तसा दंडकच आहे. कमरेला शिशाचं वजन, डोळ्यांवर काच आणि सोबत तरंगता गोळा. हा गोळा पूर्वी सुक्या भोपळ्याचा असे. पोहायला शिकताना आपण पाठीला बांधायचो ना, तसाच! एका दमात मिनिटभर बुडी, दहा मीटरपर्यंतसुद्धा. शंख, शिंपल्या, शेवाळ घेऊन वर आल्या की तोंडातून शीळ घुमते.

आता गंमत बघा. एरवी आपल्या रक्तात शंभरातला 97-98 हिस्सा प्राणवायू भरलेला असतो. दम धरला की तो उतरू लागतो. पण जीव घाबरा होतो तो मुख्यतः साठलेल्या कार्बन डाय-ऑक्साइडमुळे. बुडीआधी भराभर श्वास घेतले, तर हा वायू निघून जातो, प्राणवायू मात्र फारसा वाढत नाही. म्हणजे धोक्याची घंटाच काढून ठेवली! त्यात खोलवर पाण्याच्या दाबानं छातीतला प्राणवायू रक्तात शिरत राहतो; वर येताना दाब उतरतो आणि शेवटच्या दोन-चार हातांत, काही न जाणवता, शुद्ध हरपते. विहिरीत पैजा मारणाऱ्या पोरांना हे जरूर सांगा.

जेजूत यासाठी एक शब्द आहे, मुलसुम, पाण्यातला श्वास. दम संपत आला असताना आणखी एका शिंपलीचा लोभ धरला की तो घेतला जातो, आणि तो शेवटचाच. म्हणून थोरल्या बायका नवख्यांना खोल जाऊ देत नाहीत.

1960च्या दशकात त्या वीस हजारांवर होत्या. 2016 साली युनेस्कोनं या परंपरेला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात मान दिला, पण आज त्या तीन हजारही उरल्या नाहीत, नि बहुतेकींनी साठी ओलांडली आहे. किनाऱ्यावर दगडांची गोल आडोशाची जागा असे. मध्ये जाळ पेटवून साऱ्या अंग शेकत. धूर लागणार नाही ती बैठक सर्वांत तरबेज पाणबुडीची. आता बऱ्याच ठिकाणी गरम पाण्याची न्हाणीघरं झाली आहेत.