टायरचं वय

२०२४ च्या दिवाळीत मी बाबांना टायर गिफ्ट दिले. हो, टायर! चार नग. मैत्रिणी आपापल्या बाबांना स्मार्टवॉच देत होत्या आणि मी टेम्पोवाल्याशी हुज्जत घालत ते चार काळे गोळे बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये उतरवून घेत होते. आईने वरून पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "लग्नासाठी साठवलेल्या पैशांतून घेतलेस ना?"

घेतले होते. ४८ हजार. फ्रीलान्स पत्रकाराला ४८ हजार म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

गाडी कुठली, ते आधी सांगते. बाबांकडे १९५२ ची एमजी टीडी आहे. दोन सीट, लांबलचक बॉनेट, उघडं छप्पर, १२५० सीसीचं इंजिन आणि ५४ हॉर्सपॉवर. आजची साधी हॅचबॅक तिला सिग्नलवरच मागे टाकेल, पण तिच्या काळात ती स्पोर्ट्‌स कार होती, बॉस! १९४९ ते १९५३ या काळात जवळपास ३० हजार टीडी बनल्या आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. त्यातली एक कशीबशी पुण्यात पोचली आणि १९९४ साली, माझ्या जन्माच्या तीन वर्षं आधी, कॅम्पातल्या एका बंगल्याच्या आऊटहाऊसमध्ये बाबांना सापडली. चार विटांवर उभी, चाकांना टायरच नाहीत.

बाबा टेल्कोच्या टूलरूममध्ये. कंपनीचं नाव २००३ मध्ये टाटा मोटर्स झालं, आमच्या घरात ती अजून टेल्कोच आहे. भोसरी एमआयडीसीत त्यांच्या मित्राची शेड आहे. तिथे तीस वर्षांचे रविवार त्यांनी या गाडीवर घालवले. बॉडीच्या आतली लाकडी फ्रेम कुजली होती, ती सागवानात नवी करून घेतली. बुश, पिना, जे मिळालं नाही ते स्वतः लेथवर कातलं. राहिले होते फक्त टायर.

२०२३ मध्ये बाबा रिटायर झाले. आम्हाला वाटलं, आता रोजच रविवार. झालं उलटंच. ते शेडवर जायचेच बंद झाले. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी बाल्कनीत खुर्ची. विचारलं की म्हणायचे, "टायर कुठे आहेत? टायर मिळाले की बघू." वर्षभर हेच एक उत्तर. बाल्कनीतली ती पाठ बघून मला भीती वाटायला लागली होती.

म्हणून मी गुपचूप शोध सुरू केला. एक गोष्ट मला पक्की माहीत होती. १९८५ साली, अ‍ॅप्रेंटिस असताना, बाबा मित्रांबरोबर रेल्वेने मद्रासला गेले होते, शोलावरमच्या शर्यती बघायला. दुसऱ्या महायुद्धातल्या त्या धावपट्टीवर तेव्हा देशातली सगळ्यात मोठी रेसिंग व्हायची. ते किस्से मी शंभर वेळा ऐकलेत. म्हणजे टायर द्यायचे तर रेसिंगचेच! मुंबईतल्या एका विक्रेत्याकडे १५ इंची, इंग्लंडमध्ये बनलेले, "कधीच न वापरलेले" मिळाले. चकचकीत काळे. वर रबराची बारीक लवही तशीच. मी खूश.

बाबा खाली आले, टायरभोवती एक चक्कर मारली, काहीच बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता शर्ट इन करून तयार. "चल भोसरीला."

शेडच्या शेजारी एक काका रबराचे ओ-रिंग आणि ग्रोमेट बनवतात. त्यांच्याकडे खिशात मावेल असा हार्डनेस मीटर असतो. खाली सुई, वर डायल. बाबांनी तो टायरवर दाबला. काटा ८४ वर. दुसरीकडे दाबला, ८५. नव्या रेसिंग टायरमध्ये हा आकडा साधारण ५० ते ६५ च्या दरम्यान असायला हवा. मग त्यांनी मला टायरच्या कडेवरचे, लंबगोलातले चार आकडे वाचायला लावले. ०९०८. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. २००८ चा नववा आठवडा! माझे "कोरे" टायर सोळा वर्षांचे होते.

"पण वापरलेच नाहीत ना, बाबा?"

"म्हणून तर. टायर पळून जेवढा झिजत नाही, तेवढा नुसता पडून कडक होतो. वरून पॉलिश मारलं की कळत नाही." त्यांनी कड दोन्ही अंगठ्यांनी वाकवली. आत केसासारख्या भेगांची जाळी. "हे घालून घाटात गेलो असतो तर?"

मी काही बोलले नाही. विक्रेत्याने फोन उचलणं बंद केलं होतं. ४८ हजार पाण्यात. मात्र खूप महिन्यांनी बाबांचा आवाज चढला होता, हे माझ्या लक्षात आलं होतं.

मग शोध दोघांचा झाला. आणि तेव्हा मला कळलं, की टायर निवडणं म्हणजे सगळ्यात जास्त पकड शोधणं नव्हे. या गाडीचा मूळ साइज ५.५०-१५. चाकाची रिम जेमतेम चार इंच रुंद. आजचा रुंद रॅली टायर त्यावर बसणारच नाही. आणि जबरदस्तीने पकड वाढवली तर तो ताण जाणार कुठे? सत्तर वर्षांच्या चाकावर, बेअरिंगवर, मागच्या अ‍ॅक्सल शाफ्टवर. "हिच्या काळात वळणावर आधी टायर घसरायचा," बाबा म्हणाले. "टायर घसरलाच नाही, तर लोखंड तुटतं." शिवाय रेसिंगचं मऊ रबर तापल्याशिवाय काम करत नाही, आणि नऊशे किलोची, ५४ हॉर्सपॉवरची गाडी त्याला तापवणार कधी?

मग रेडियल की क्रॉसप्लाय? रेडियलमध्ये दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात, वर पोलादी पट्टा. क्रॉसप्लायमध्ये थर तिरके, एकमेकांना छेदणारे. रेडियल जास्त धरतो, पण सुटला की एकदम सुटतो. क्रॉसप्लाय लवकर घसरतो, पण आधी कुरकुरून सांगतो. टीडीचं सस्पेन्शन क्रॉसप्लाय डोळ्यांसमोर ठेवून बनलंय. निर्णय झाला.

आता आणायचे कुठून? गंमत बघा. आपल्या चाकणमध्ये २०१३ पासून ब्रिजस्टोनचा कारखाना आहे. रोज रस्त्यावर टायरने भरलेले कंटेनर दिसतात. पण आम्हाला हवा तो साइज या अख्ख्या पट्ट्यात नाही. इंग्लंड-अमेरिकेत जुन्या गाड्यांसाठी असे टायर नव्याने बनतात, पण २०२० मध्ये सरकारने नव्या टायरची आयात खुल्या यादीतून काढून परवान्याखाली टाकली होती. चार टायरसाठी परवाना मागायला कोण जाणार? कुदळवाडीच्या भंगार गोदामांत आम्ही तीन रविवार फिरलो. ट्रकचे, जीपचे, ट्रॅक्टरचे टायर, पण आमचा नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत तर महापालिकेने तिथल्या गोदामांवर बुलडोझरच फिरवला.

उत्तर शेवटी बाबांनाच सुचलं. रात्री अकरा वाजता माझ्या खोलीचं दार वाजलं. "अगं, अँबेसेडर! ५.९०-१५!"

रिम तीच, १५ इंची. टायर थोडा उंच आणि जाड, म्हणून स्टीअरिंग जड होणार, आणि स्पीडोमीटर दाखवेल त्यापेक्षा गाडी जरा जास्त पळणार. पण क्रॉसप्लाय, आणि भारतात बनलेला! अँबेसेडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, तरी नाशिक रस्त्यावरच्या एका जुन्या दुकानदाराने खटपट करून चार मागवून दिले. बाबांनी पैसे द्यायच्या आधी चार आकडे वाचले. मग खिशातून मीटर काढला. ६२. दुकानदार बघतच राहिला.

म्हणजे रेसिंग टायर शोधायला निघालेली मी, मंत्र्यासंत्र्यांच्या गाडीचे टायर घेऊन परत आले. खर्च? माझ्या दिवाळी गिफ्टच्या निम्म्याहून कमी. ते जुने चार आता शेडच्या दारात एकावर एक रचलेत. चहा प्यायला मस्त स्टूल झालंय.

२०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपुढची गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. पण मग ती रोज फिरवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं आणि देखभाल, एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. मग एका रविवारी सकाळी सहा वाजता आम्ही देखभालीला निघालो. व्हील बॅलन्सिंगला. तळेगावला. भोसरीत व्हील बॅलन्सिंगची दुकानं नाहीत असं अजिबात नाही.

जुन्या मुंबई हायवेला लागेपर्यंत गाडी अशी धडधडत होती, की मी दोन्ही हातांनी सीट धरून बसले. "बाबा, काहीतरी चुकलंय. थांबवा!"

"काही चुकलं नाही," बाबा समोर बघत म्हणाले. "टायर उभ्या उभ्या खालून चपटा होतो. थोडा पळू दे, गरम होऊ दे. आपोआप गोल होतो."

देहूरोड मागे पडला आणि धडधड खरंच थांबली. बाबांनी गिअर बदलला.