कड वाचा!

पदक हातात आलं की राजाचा मुखडा पाहू नका, मागचा घोडेस्वारही पाहू नका. ते आडवं धरा, उजेडाकडे करा आणि कड वाचा! पहिल्या महायुद्धाचं चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल साठ लाखांहून जास्त जणांना मिळालं, आणि दोन्ही बाजूंनी ती सगळी सारखीच. पण कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. म्हणजे त्या पदकावर हक्क सांगणारा माणूस जगात एकच!

हे मला कळलं आणि झोपच उडाली. पणजोबांच्या ट्रंकेत दोन ‘बिल्ले’ होते, एक चांदीचा आणि एक काशाचा. चुलतभावाने ते विकायचे ठरवले. सराफाने चांदीचा बिल्ला काट्यावर ठेवला, अडीच तोळ्यांच्या आसपास भरला, आणि मोडीचा भाव सांगितला. काशाच्या पदकाला तर हातही लावला नाही. मी म्हटलं, दादा, जरा थांब. भिंग आणलं, कड फिरवत गेले, आणि शिपाई, पणजोबांचं नाव, पुढे 103 मराठा लाइट इन्फंट्री!

103 म्हणजे आजची जंगी पलटण हो! 1922 साली फौजेची फेररचना झाली, त्याआधीचा तिचा हा नंबर. हीच पलटण सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर तैग्रिस नदीच्या काठाने मेसोपोटेमियात वर सरकली आणि डिसेंबर 1915 मध्ये कुत-अल-अमारा इथे वेढ्यात अडकली. उपासमार, घोड्याचं मांस, ते खायला आपल्या शिपायांचा नकार, आणि अखेर 29 एप्रिल 1916 ला सुमारे 13 हजार माणसं तुर्कांच्या कैदेत. पणजोबा त्यांत होते का? कड तेवढं सांगत नाही. पण ते 1915 संपायच्या आत रणांगणावर उतरले असतील, तर त्यांना तिसरं पदकही मिळालेलं असणार, काशाचा 1914-15 स्टार.

किंमतही नेमकी इथेच ठरते. एकाच माणसाची पदकं एकत्र असली तर भाव वेगळा, आणि वाटणीत एकेक करून विखुरली तर फार खाली. नामांकित लढाईतली पलटण, युद्धात आलेलं मरण, शौर्यपदक, सोबतचे कागद, या सगळ्यांनी भाव चढतो. कड घासून दुसरं नाव कोरलेलं असेल तर तो कोसळतो. म्हणून जाणकार ग्राहक व्यास मोजतात: 36 मिलिमीटर भरला पाहिजे. आणि चिंच लावून, घासून-पुसून पदक चकचकीत करणं म्हणजे आपल्याच हाताने भाव पाडणं. तो काळपटपणा राहू द्या, मळकी फीतसुद्धा राहू द्या! जानेवारी 1980 मध्ये चांदी औंसाला 50 डॉलरच्या जवळ पोचली तेव्हा ब्रिटनमध्ये अशी कितीतरी पदकं भट्टीत गेली. माणसांची नावं वितळली! विचारानेच पोटात गोळा येतो.

भाव बघायचा तर विक्रेत्याने मागितलेला नको, लिलावात प्रत्यक्ष मिळालेला बघावा. लंडनच्या नूनन्स, स्पिंक यांचे जुने निकाल मी अधाशासारखे वाचतेय. पण तो भाव थेट आपल्या पदरात पडणार नाही. आपल्याकडे 1972 च्या कायद्याने ऐतिहासिक महत्त्वाची शंभर वर्षांपूर्वीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि पुरावस्तू खाजगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही. तेव्हा विकायचं झालं तर इथेच, परवानाधारक माणसाकडे, आणि तिन्ही एकत्र. विकण्यात मला काही गैर वाटत नाही. भावाला विहिरीसाठी पैसे हवेत, आणि जाणकाराकडे ही पदकं आमच्या ट्रंकेतल्यापेक्षा जास्त जपली जातील. फक्त मोडीत नाही, आणि तुटक तर मुळीच नाही.

म्हणून त्या तिसऱ्यासाठी नात्यात फोन लावत सुटले. धाकट्या आजोबांच्या घरची आत्या म्हणाली, “ती चांदणी होय? पोरांच्या खेळण्यांत असंल बघ.” पंधरा मिनिटांत तिचाच उलट फोन! म्हटलं, आत्ते, पुसू नकोस, फक्त उलटी कर आणि मागचे आकडे वाच. तिने एकेक आकडा सावकाश वाचला. नंबर तोच!