एका फॉरवर्डची अनुमोदना



मागच्या उन्हाळ्यात आमच्या सोमाटण्याच्या घराच्या गच्चीवर ३ किलोवॉटचं सोलर बसलं. पीएम सूर्यघर योजनेतून ७८,००० रुपये अनुदान खात्यात जमा झालं आणि विजेचं बिल अगदीच किरकोळ येऊ लागलं. मी गच्चीचा फोटो महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकला. कुणाची अठ्ठाई झाली की येतात तसे "खूब खूब अनुमोदना" असे चाळीस-पन्नास मेसेज आले. खरं सांगते, छान वाटलं.

त्याच आठवड्यात दुसरा एक मेसेज फिरत आला. "३०० युनिट वीज मोफत, आजच या लिंकवर नाव नोंदवा." मी लिंक उघडूनही न बघता तो दहा-बारा जणांना पुढे पाठवला. त्यात आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईही होत्या.

चार दिवसांनी भांडी घासता घासता त्या म्हणाल्या, "काकू, तुमचं काम किती दिवसात झालं? मी अकराशे भरलेत, अजून फोन नाही आला."

मी गॅस बंद केला आणि खुर्चीवर बसले. लिंक खोटी होती. सरकारच्या खऱ्या पोर्टलवर नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत. १९३० या नंबरवर तक्रार केली, पण पैसे परत आले नाहीत. ते मी दिले. पण "तुम्ही पाठवलं म्हणून भरले, काकू" हे ऐकलं, ते पैसे देऊन फिटणारं नव्हतं.

करणं, करवणं आणि अनुमोदन, तिन्हींनी कर्म बांधलं जातं हे आपण लहानपणापासून ऐकतो. फॉरवर्ड करणं हे अनुमोदनच की! सामायिकात ४८ मिनिटं भाषा समिती सांभाळायची आणि आसन गुंडाळलं की न वाचलेलं पुढे ढकलायचं, असं माझं चाललं होतं.

पण ताईंनी पुढे जे विचारलं त्याने मी जास्त अडकले. "मग खरी योजना तरी मला मिळेल का?" त्या भाड्याच्या खोलीत राहतात. योजनेला स्वतःचं छत लागतं. म्हणजे जिला बिल भरायला जड नव्हतं, त्या मला अनुदान मिळालं. ज्यांना ते जड जातं, त्या बाहेर राहिल्या.

कॉमर्स शिकताना सरांनी शिकवलं होतं, जमा आहे तिथे नावे असतंच. आपल्या पवना खोऱ्यापलीकडे मुळशीत १९२१ साली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. टाटांच्या धरणाची वीज मुंबईला जाणार होती. कोळसा नाही, धूर नाही. पण जमिनी बुडणार होत्या मावळ्यांच्या. सेनापती बापट त्यांच्यासाठी तुरुंगात गेले. तरी धरण झालंच. वीज स्वच्छ असली म्हणून वाटणी न्यायाची होतेच असं नाही.

मी ताईंबरोबर बसून नीट माहिती काढली. गावाकडे त्यांच्या सासूबाईंचं घरकुल आहे, छत स्वतःचं आहे. पण मीटर अजून वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर. आधी महावितरणकडे नाव बदलायचं, मग अर्ज. महिन्याला १०० युनिटपेक्षा कमी वीज वापरणाऱ्यांसाठी राज्य सरकारची 'स्मार्ट' योजनाही आहे. हे सगळं ताईंनी स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून बचत गटाच्या ग्रुपवर टाकलं. माझ्या फोटोपेक्षा ते जास्त उपयोगी पडलं. बायकांनी प्रश्न विचारले, कागद काढले. आणि एकीने विचारलं, "आम्ही भाड्याने राहतो, आमचं काय?"

आमच्या पन्नास अनुमोदनांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी तो तसाच मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "आपल्यातल्या बऱ्याच जणींच्या खोल्या भाड्याने आहेत. आपण सबमीटरने युनिटचे पैसे घेतो. वर सोलर बसवलं, तर खालचा दर कमी करू का?"

निळ्या टिका आल्या. उत्तर नाही. संध्याकाळी एकीचा फोन आला, "ग्रुपवर नको बोलायला, पण आमच्या सहा खोल्यांचा हिशोब लावून बघतेय." अपरिग्रहाची सुरुवात अशीही होत असेल.

संवत्सरीला आपण "मिच्छामि दुक्कडम्"चं एकच चित्र दोनशे जणांना पाठवतो. यंदा मी ताईंना समोर उभं राहून, हात जोडून म्हटलं. त्या लाजल्या, म्हणाल्या, "काकू, मीटर नावावर झालं बघा."

तेव्हा मैत्रिणींनो, सोलरची माहिती जरूर पुढे पाठवा. पण आधी स्वतः वाचा. पैसे मागणारी लिंक तिथेच पुसून टाका. आणि ज्यांच्या डोक्यावर स्वतःचं छत नाही, त्यांचा प्रश्नही सोबत पाठवा.