यात स्पीकर कुठाय?

इलेक्ट्रिक गिटारचा म्हणून जो आवाज आपण ओळखतो, त्यातला बराचसा गिटारच्या बाहेर तयार होतो. हे ठाऊक नसलेल्या माणसाच्या हाती ॲम्प सिम्युलेटर पडला की काय गोंधळ उडतो, ते मी सध्या अनुभवते आहे.

माझ्याकडे खराखुरा ॲम्प नाही. आमच्या इमारतीत तो लावणं शक्यही नाही. गिटारची वायर ऑडिओ इंटरफेसमध्ये, इंटरफेस लॅपटॉपला आणि कानांवर हेडफोन. ॲम्पच्या जागी न्यूरल ॲम्प मॉडेलर हे सॉफ्टवेअर. ते फुकट मिळतं. कुणीतरी आपला ॲम्प रेकॉर्ड करून त्यावरून बनवलेलं मॉडेल त्यात उघडायचं आणि वाजवायचं. समोर इनपुट, नॉइज गेट, बास, मिडल, ट्रेबल, आउटपुट. गेनचं बटणच नाही! आणि आवाज? डबीत कोंडलेल्या माशीसारखा. ट्रेबल उतरवला की गढूळ, चढवला की पुन्हा माशी.

ओळखीतला एक दादा घरीच रेकॉर्डिंग करतो. त्याला तुकडा पाठवला, तर त्याचा लगेच फोन. "अगं, यात स्पीकर कुठाय?"

प्रश्नच कळेना. हेडफोन होते की! मग त्याने नीट सांगितलं. गिटार ॲम्पचा बारा इंची स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या वर झपाट्याने मंदावतो. डिस्टॉर्शनमधली कर्कश टोकं तिथेच अडतात. पुढे माइक, बहुतेकदा शुअरचा १९६५ पासून चालत आलेला एसएम५७, आपला रंग चढवतो. रेकॉर्डवर ऐकू येतो तो या सगळ्यांचा मिळून आवाज. माझं मॉडेल होतं नुसत्या ॲम्पचं. स्पीकर आणि माइकसाठी वेगळी फाइल लागते, इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजेच आयआर. तिची जागा रिकामी होती.

आयआर टाकला आणि माशी गेली. समोर कुणीतरी खरंच ॲम्प लावलाय असं वाटलं, अंगावर काटा आला. पण त्या फोल्डरमध्ये फायली कितीतरी! स्पीकर तोच, सेलेस्टियन व्हिंटेज ३०. माइकही तोच. फरक फक्त माइक कुठे धरला याचा. मधल्या टोपीसमोर धरला की आवाज टोकदार, कडेकडे सरकवला की अंधारा. टोपी संपून कागदी कोन सुरू होतो, तिथला मला सगळ्यात भावला. ट्रेबलच्या बटणाने जे साधेना, ते माइक इंचभर सरकल्याने साधतं, हे मला अजूनही विलक्षण वाटतं. आता मी आधी आयआर निवडते, बटणांकडे नंतर वळते.

गेनचं कोडंही दादानेच सोडवलं. रेकॉर्ड करताना ॲम्पचा गेन जिथे होता, तोच मॉडेलमध्ये उतरतो. कमी हवा तर इनपुट उतरवायचा, नाहीतर दुसरं मॉडेल घ्यायचं. आणि कमीच हवा. एकट्याने वाजवताना भरदार वाटणारा गेन दोन गिटारी एकत्र आल्या की चिखल करतो. दोन गिटारी म्हणजे तोच भाग दोनदा वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे. कॉपी-पेस्ट चालत नाही. दोन्ही बाजूंना हुबेहूब तेच असेल तर आवाज पुन्हा मधोमध येऊन बसतो. दोन वाजवण्यांतल्या बारीक फरकानेच तो रुंद होतो. आणि हे सगळं वाजवण्याआधी इंटरफेसवरचं 'इन्स्ट' (इन्स्ट्रुमेंट) बटण दाबलेलं हवं, नाहीतर पिकअपमधली धार आधीच मरते.

आता अडलंय ते बेस गिटारपाशी: तिच्यासाठी गिटारचा खालचा भाग कुठवर कापायचा? गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झला वाजते, त्यामुळे ८०च्या खालचं बिनदिक्कत कापता येतं. दादा म्हणतो, शंभरपर्यंत काप. एकटी ऐकली की ती कापलेली गिटार मला बारीक वाटते, बेस सुरू झाला की चपखल बसते. कान कुणाचं ऐकायचं ते अजून ठरवू शकत नाहीत. म्हणून सध्या बेसचा ट्रॅक चालू ठेवूनच मी फिल्टरला हात लावते.